‘ताई, तुला कधी कळलं?’

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार,

माझा धाकटा भाऊ टीव्हीसाठी लिहितो. बारा वर्षं दुसऱ्यांच्या मालिकांचे संवाद लिहून झाल्यावर दोन महिन्यांपूर्वी त्याने एकट्याने लिहिलेला पहिला चित्रपट लागला. खास टीव्हीसाठी केलेला, खुनाच्या रहस्याचा. पावसाची रात्र, इमारतीची वीज गेलेली, चौथ्या मजल्यावर एका निवृत्त संगीतशिक्षकाचा खून. संशयित सहा. खुनी निघतो तो समोरच्या दारातला मवाळ शेजारी.

त्या रात्रीपासून भाऊ लोकांची मतं वाचत बसतो. त्याने चक्क वही केली आहे. एकूण २१७ मतं. त्यांतल्या ६४ जणांनी ‘खुनी आधीच ओळखला’ असं लिहिलंय. ‘वीज गेली होती तर डॉक्टर लिफ्टने वर कसे आले?’ असं ३१ जणांनी. बाकी ‘मध्ये रेंगाळतो’, ‘सगळं दोनदोनदा सांगतात’, ‘खून नीट दाखवलाच नाही’. त्याला नवीन काम आलं आहे, पण तो एक ओळ लिहीत नाही.

पहिल्याच रात्री त्याने मला विचारलं, ‘ताई, तुला कधी कळलं?’ मी म्हटलं, ‘शेवटपर्यंत नाही रे!’ खरं तर मला दुसऱ्या ब्रेकलाच कळलं होतं. एवढा नावाजलेला नट नुसतं दार उघडून ‘काही लागलं तर सांगा’ म्हणायला कशाला येईल? भावाला बरं वाटावं म्हणून मी तीन वेगवेगळ्या नावांनी पाच-पाच तारेही देऊन आले. आता तो अधूनमधून तोच प्रश्न परत विचारतो आणि माझ्या चेहऱ्याकडे बघतो. खरं सांगू का? आणि हे सगळे प्रेक्षक बरोबर आहेत का?

– एक थोरली बहीण

उत्तर

ताई,

त्या तीन नावांपासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं तिथेच अडलं आहे. तुमचा भाऊ मतं मोजतो आहे. त्याच्या वहीत ‘आवडला’च्या खाली ज्या रेघा आहेत, त्यांतल्या तीन तुमच्या आहेत. त्या रेघांकडे बघून त्याला घटकाभर बरं वाटत असेल, आणि ती माणसं अस्तित्वातच नाहीत. शिवाय संवाद लिहिण्यात बारा वर्षं घालवलेल्या माणसाला बोलण्याची ढब ओळखू येते. सख्ख्या बहिणीची तर येतेच. तो तुमच्या चेहऱ्याकडे का बघतो, याचा एक अंदाज मला आहे. ती तिन्ही मतं आजच काढून टाका. नंतर त्याला सांगा किंवा नका सांगू, पण आधी काढा.

तारे वाढवून फारसा उपयोगही होत नसतो. स्वतःहून मत लिहायला बसणारा माणूस बहुतेक वेळा टोकाचा असतो. एक तर त्याला फार आवडलेलं असतं, नाही तर त्याचा संताप झालेला असतो. ‘ठीक होता, वेळ बरा गेला’ असं वाटलेला माणूस टीव्ही बंद करून झोपतो. विकत घेतलेल्या वस्तूंवरच्या मतांचा आलेख अभ्यासकांनी मांडून पाहिला, तर तो मध्ये खोलगट आणि दोन्ही टोकांना वर गेलेला निघाला. पाच ताऱ्यांचा ढीग मोठा, एका ताऱ्याचा छोटा, मधलं जवळजवळ ओसाड. त्यातून टीव्हीचा प्रेक्षक आणखी वेगळा. थिएटरातला माणूस चित्रपट निवडून, तिकीट काढून आलेला असतो. आपली निवड चुकली नाही हे त्याला स्वतःलाच पटवायचं असतं. टीव्हीवाला वाहिन्या बदलता बदलता विसाव्या मिनिटाला येऊन पोचतो. हातात फोन असतो. संशयितांपैकी दोघांची ओळख त्याने पाहिलेलीच नसते. आणि मग तो लिहितो की ती बाई कोण होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. हे मत खोटं नाही. फक्त ते चित्रपटाबद्दल जेवढं सांगतं, त्याहून जास्त त्या संध्याकाळबद्दल सांगतं.

आता त्या ६४ जणांकडे वळू. तुमच्या भावाला तेच टोचत असणार. खुनाचं रहस्य लिहिणाऱ्याला ‘आधीच ओळखलं’ हे वाक्य जसं लागतं तसं ‘वाईट आहे’ हेही लागत नाही.

जरा हिशेब करू. संशयित सहा. डोळे मिटून एकावर बोट ठेवलं तरी सहांत एकदा ते बरोबर पडतं. या २१७ जणांनी नुसता चिठ्ठी काढून खुनी ठरवला असता, तरी छत्तीसएक जणांचा अंदाज लागला असता. आणि ज्यांचा अंदाज चुकला ते कशाला लिहायला येतील? ‘मी नोकरावर संशय घेतला होता, फसलो’ असं लिहायला बऱ्यापैकी मोठं मन लागतं. तेव्हा ६४ या आकड्यातले निम्मे तरी नुसत्या नशिबाचे असतील. उरलेल्यांत आणखी एक भर असते. रहस्यपट बघताना आपण एका माणसावर संशय धरून बसत नाही. पहिल्या ब्रेकपर्यंत भाच्यावर, मग नर्सवर, मग डॉक्टरवर. प्रत्येकावर एकदा संशय घेऊन झाला की शेवटी कोणीही निघाला तरी ‘मला वाटलंच होतं’ हे अगदी प्रामाणिक विधान असतं.

ही आठवणीची खोड मानसशास्त्राने मोजलेलीही आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घेतले: अमुक घडण्याची शक्यता किती, तमुक घडण्याची किती. दौरे आटोपल्यावर ‘तुम्ही तेव्हा काय आकडे लिहिले होते ते आठवून लिहा’ असं सांगितलं. जे घडलं होतं, त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती असं मुलांना आठवू लागलं. कोणी मुद्दाम खोटं बोलत नव्हतं. तुमच्या भावाचे प्रेक्षकही खोटं बोलत नाहीत. त्यांना खरोखरच तसं आठवतं आहे.

पण एवढ्यावर त्याची सुटका करू नका, कारण तुम्ही स्वतः त्या ६४ जणांत बसता आणि तुमचा अंदाज चिठ्ठी काढून आलेला नव्हता. तुम्हाला नटावरून कळलं.

‘कळलं’ या एका शब्दात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. कोणाला दुव्यांवरून कळतं, म्हणजे लेखकाने समोर ठेवलेलं नीट पाहून. हा लेखकाचा विजय आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने, जो पेशाने कॅथलिक धर्मगुरू होता, १९२९ मध्ये या खेळाचे दहा नियम लिहिले. त्यातला पहिलाच असा की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागात येऊन गेलेला असला पाहिजे. सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही, हाही त्याच यादीत आहे. म्हणजे नियमाने खेळणारा लेखक स्वतःच ओळखू येण्याची सोय करून ठेवतो. अजिबात ओळखू न येणारा खुनी करणं ही सर्वांत सोपी गोष्ट आहे. शेवटच्या पाच मिनिटांत एक नवा सावत्र भाऊ आणा, झालं. मग हेच प्रेक्षक ‘फसवणूक!’ म्हणून लिहितील, आणि तेव्हा ते शंभर टक्के बरोबर असतील.

कोणाला सवयीने कळतं. ज्याच्यावर सर्वांत कमी संशय जातो तोच, एवढा हिशेब पाच-पन्नास रहस्यपट पाहिलेल्या कोणालाही जमतो. त्याला विशेष बुद्धी लागत नाही, आणि माझ्या मते त्याला फारसा आनंदही मिळत नाही.

आणि तुम्हाला कळलं ते कथेबाहेरून. श्रेयनामावलीतून, म्हणा ना. टीव्हीच्या रहस्यपटाचं हे जुनं दुखणं आहे. खर्च बेताचा असतो, पाहुणा म्हणून एकच नावाजलेला चेहरा परवडतो, आणि तो चेहरा दोन वाक्यांच्या भूमिकेत दिसला की घरोघरी माणसं एकमेकांना कोपर मारतात. लेखकाच्या हातात यातलं काहीच नसतं. हे दुखणं फार हुशारीने उलटवणारी एक मालिका होऊन गेली: ‘कोलंबो’. १९६८ साली ती एक सुटा टीव्ही चित्रपट म्हणून आली आणि १९७१ पासून नियमित मालिका झाली. तिथे पाहुणा नटच खुनी असतो, आणि तो खून करताना आपल्याला सुरुवातीलाच दाखवतात. कोणी केलं हा प्रश्नच शिल्लक राहत नाही. राहतो तो एवढाच, की चुरगळलेला रेनकोट घातलेला हा गबाळा पोलीस त्या रुबाबदार माणसाला पकडणार कसा. ही उलटी तऱ्हा त्याच्याही आधीची. ऑस्टिन फ्रीमन यांच्या १९१२ च्या कथासंग्रहात ती पहिल्यांदा नीट दिसते. पण टीव्हीला ती चपखल बसली, कारण विसाव्या मिनिटाला आलेल्या माणसालाही पुढचं पाहता येतं.

तुमच्या भावाने ‘कोलंबो’सारखं लिहावं असं मी सुचवत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की खुनी माहीत असूनही माणसं दीड-दोन तास बसतात, आनंदाने बसतात. लंडनमध्ये ‘द माऊसट्रॅप’ हे नाटक १९५२ पासून चालू आहे. प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. इतक्या वर्षांत ते किती जणांना माहीत झालं असेल याचा विचार करा. तिकिटं तरी जातातच. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या जोनाथन लेव्हिट आणि निकोलस ख्रिस्टनफेल्ड यांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधीच सांगून टाकला, काहींना नाही. शेवट माहीत असलेल्यांना कथा थोड्या जास्तच आवडल्या, आणि त्यात रहस्यकथाही होत्या. नंतर दुसऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत उलटही निघालं आहे, तेव्हा मी त्यावर घर बांधणार नाही. पण ‘आधी कळलं म्हणजे सगळं संपलं’ हे जे तुमचा भाऊ वहीत धरून बसला आहे, ते नक्कीच तसं नाही.

मग मतं वाचायचीच नाहीत का? वाचावीत. पण निकाल वाचू नये, जागा वाचावी. मी स्वतः काही वर्षं टीव्हीसाठी लिहिलं आहे आणि मला हे फार उशिरा कळलं. प्रेक्षक कुठे दुखलं ते अचूक सांगतो. का दुखलं हे सांगायला जातो तेव्हा हमखास चुकतो, आणि औषध सांगायला लागला की त्याचं बिलकूल ऐकू नये. ‘पोलिसाला एक प्रेमप्रकरण हवं होतं’ म्हणजे पोलीस कंटाळवाणा आहे. प्रेमप्रकरण घातलं तर कंटाळवाणी माणसं दोन होतील.

तुमच्या पत्रातल्या तक्रारी या नजरेने बघू. ‘सगळं दोनदोनदा सांगतात.’ याचा उगम मला पत्र वाचता वाचताच दिसला. टीव्हीचा चित्रपट जाहिरातींच्या हिशेबाने कापलेला असतो. १९६९ मध्ये अमेरिकेत एका वाहिनीने दर आठवड्याला नवा टीव्ही चित्रपट दाखवायला सुरुवात केली, तेव्हा दीड तासाच्या जागेत जाहिराती वजा जाता चित्रपटाला जेमतेम सव्वा तास उरायचा. ‘ड्यूएल’ हा स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा १९७१ चा थरारपट टीव्हीवर ७४ मिनिटांचा होता. पुढे परदेशी थिएटरांसाठी त्यात नवी दृश्यं घालून तो दीड तासाचा केला. एवढ्याशा वेळात सहा-सात तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी दचकवायचं, आणि जाहिराती संपल्यावर आत्ताच येऊन बसलेल्याला मागचं थोडक्यात सांगायचं. म्हणून तपास करणारी बाई दर पंधरा मिनिटांनी साहेबांना म्हणते, ‘म्हणजे नऊ वाजता वीज गेली, सव्वानऊला आवाज आला, आणि साडेनऊला दार आतून बंद होतं.’ ब्रेकनंतर हे वाक्य हवंहवंसं वाटतं. पण तोच चित्रपट नंतर कोणी फोनवर जाहिरातींशिवाय सलग पाहिला, की त्याला वाटतं लेखक आपल्याला मूर्ख समजतो. ‘दोनदोनदा’वाली मतं चित्रपट लागला त्या रात्रीची आहेत की नंतरच्या आठवड्यांतली, हे त्याला वहीत बघायला सांगा. नंतरची असतील तर त्या पहिल्या रात्री त्याचं काही चुकलेलं नव्हतं. मात्र पुढचा चित्रपटही दोन्ही तऱ्हेने पाहिला जाणार आहे. तेव्हा आढावा द्यायचा तर त्यात दर वेळी एक नवी गोष्ट घालावी, किंवा एक चुकीची, जी कोणीतरी खोडून काढेल.

‘मध्ये रेंगाळतो’ याबद्दल चित्रपट न पाहता मी काही बोलणार नाही.

‘खून नीट दाखवलाच नाही’ हे सोडून द्या. टीव्ही घरात चालतो, समोर पोरंबाळं असतात, आणि ही मर्यादा या प्रकाराच्या जन्मापासूनची आहे. १९६४ साली अमेरिकेत टीव्हीसाठी म्हणून केलेला एक थरारपट वाहिनीला इतका हिंसक वाटला की तो टीव्हीवर न दाखवता थिएटरांत पाठवून दिला, आणि पहिला टीव्ही चित्रपट हा मान त्याच वर्षी दुसऱ्यालाच मिळाला. बंद दाराआडचा खून लिहायला जास्त अवघड असतो, हे त्या तक्रार करणाऱ्यांना माहीत नाही. माहीत असायचं कारणही नाही.

राहिली लिफ्ट. थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे: काही शंका माणसाला घरी गेल्यावर, फ्रिज उघडून थंड कोंबडीचा तुकडा काढताना सुचतात. तिथपर्यंत त्या सुचल्या नाहीत तर चित्रपटाने आपलं काम केलं. म्हणजे भोकं दोन जातींची. एक, रात्री फ्रिजपाशी सापडणारं, ते माफ. दुसरं, बघता बघताच बोचणारं, ज्याच्यामुळे माणूस शेजारच्याला विचारतो, ‘अगं, वीज गेली होती ना?’ आणि तेवढ्यात पुढची दोन वाक्यं हुकतात. ३१ जणांनी एकच गोष्ट लिहिली, म्हणजे लिफ्ट दुसऱ्या जातीची आहे. तिला सबब नाही. जनरेटरवर एक ओळ घातली असती तरी निभावलं असतं.

आता, ती लिफ्ट तुमच्या भावाने लिहिली असेलच असं नाही, आणि हे मी अनुभवाने सांगते. माझ्या एका रहस्यपटात खुन्याच्या हातांत मोजे होते. शूटिंगच्या दिवशी दिग्दर्शकाला मोजे नको झाले, ‘नुसता हात जास्त भीतिदायक वाटतो’ म्हणून. त्या नटाच्या बोटात एक अंगठी होती. साबण लावला, तेल लावलं, अंगठी निघेना. रात्रीचे दोन वाजलेले. तसंच शूट केलं. वरून कोणीतरी तोच हात प्रोमोत घातला. म्हणजे चित्रपट सुरू व्हायच्या आठवडाभर आधी लोकांनी खुन्याची अंगठी पाहिलेली, आणि चित्रपटाच्या चौथ्या मिनिटाला तोच माणूस त्याच हाताने वर्तमानपत्र उघडतो. मतं काय आली असतील? ‘लेखिकेने अंगठी दाखवून स्वतःच रहस्य फोडलं.’ ‘लेखिकेला साधा खून लपवता येत नाही.’ मी महिनाभर प्रत्येक माणसाच्या बोटांकडे बघत फिरत होते. शेवटी हसू यायला जवळपास वर्ष लागलं. प्रेक्षकाला संहिता दिसत नाही. त्याला पडदा दिसतो आणि श्रेयनामावलीत एक नाव दिसतं, आणि तो तेच धरतो. त्याच्या जागी मीही तेच धरलं असतं. इतरांचे चित्रपट बघताना धरतेच.

तेव्हा भावाला विचारा, तुझ्या कागदावर डॉक्टर जिन्याने आले होते का? आले असतील तर त्या ३१ रेघा वहीतून खोडायच्या नाहीत, पण त्या दुसऱ्या कोणाच्या तरी आहेत एवढं त्याला ऐकू द्या. लिफ्ट त्यानेच लिहिली असेल तर तेही बरं. ती दुरुस्त करता येण्यासारखी चूक आहे, आणि अशा चुका माणसाला पुन्हा टेबलाशी आणतात. ‘मला लिहिताच येत नाही’ ही दुरुस्त करता येत नाही.

तुमचा खरा प्रश्न मात्र अजून बाकी आहे: खरं सांगू का?

सांगा. पण ‘हो रे, मलाही कळलं होतं’ एवढंच सांगून बसू नका. त्याच्या वहीत तशा ६४ रेघा आहेत, पासष्टावी नको. तुमच्यापाशी त्या अनोळखी माणसांपाशी नसलेली एक गोष्ट आहे: तुम्हाला क्षण आठवतो. दुसरा ब्रेक, शेजाऱ्याचं दार, ‘काही लागलं तर सांगा’. तेवढंच सांगा, आणि कशावरून ते सांगा. ‘मला नट बघून कळलं. तू लिहिलेल्या कशावरूनही कळलं नाही.’ ही दोन वाक्यं म्हणताना त्याच्या चेहऱ्याकडे तुम्ही बघा, या वेळी.

आणि मग पुढचं, जे मला तुमच्या पत्रात कुठेच सापडलं नाही आणि जे मला सगळ्यांत जास्त विचारावंसं वाटतं. दुसऱ्या ब्रेकला तुम्हाला खुनी कळला, म्हणजे निम्म्याहून जास्त चित्रपट तुम्ही खुनी माहीत असताना पाहिला. तेव्हा काय करत होतात? उठून गेलात? फोन पाहिलात? की त्या शेजाऱ्याच्या प्रत्येक हालचालीवर डोळा ठेवून बसलात, आणि तो रडणाऱ्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवतो तेव्हा अंगावर काटा आला? असं दृश्य त्यात आहे की नाही मला ठाऊक नाही, मी आपली कल्पना करते आहे. पण तसं काही एक जरी आठवत असेल, तर ते त्याला सांगा, मिनिटासकट. भाऊ आहे म्हणून पाहिलं असेल आणि बाकी काही आठवत नसेल, तर तेही कळू दे. पण मग ते तुमच्या आवाजात, जेवणं झाल्यावर, सावकाश. त्याला हे ऐकवण्याची घाई नको.

तो म्हणेल, ‘मग त्या रात्री खोटं का बोललीस?’ त्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे. मी ते तुमच्यासाठी लिहून देणार नाही.

त्याच्या वहीबद्दल थोडंसं. वही फाडा म्हणू नका, तो दुसरी करेल. त्याऐवजी ६४ जणांची नावं पुन्हा वाचायला लावा आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहायला सांगा: याला कशावरून कळलं? दुव्यावरून, सवयीने की नटावरून. बऱ्याच जणांनी कारण दिलेलंच नसेल, ते चिठ्ठीवाले. मला खात्री वाटते की दुव्यावरून ओळखणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतील. पावसाच्या रात्रीच्या कथेत ओल्या पावलांचा, कोरड्या छत्रीचा, असला काहीतरी दुवा त्याने नक्की पेरला असणार. तो किती जणांनी पाहिला? दोघांनी? त्या दोघांची मतं त्याने पुन्हा वाचावीत, भले त्यांनी दोनच तारे दिलेले असोत. चित्रपट खरा पाहिला तो त्यांनी.

रात्र रात्र जागून वाचणं महिन्याभरात थांबलं नाही, जेवणाखाण्यावरचं मन उडालं असेल, तर मात्र हे प्रकरण रहस्यपटाचं राहिलेलं नाही. मग डॉक्टरांकडे न्या. जिन्याने की लिफ्टने, ते बघू नका.

नव्या कामाची मुदत कधीची आहे तेवढं त्याला विचारा, माझ्या नावाने विचारलंत तरी चालेल. आणि तुमच्या पत्रात खुनी कोण ते तुम्ही सरळ लिहून टाकलंत, म्हणून चित्रपटाचं नाव मी छापलेलं नाही. ज्यांनी अजून पाहिला नसेल, त्यांनी दुसऱ्या ब्रेकला काय ते ठरवावं.